काळ्या धुराड्यातलं पाणी

काळं धुराडं चढायचं, आणि तेही दुसरं कुणी चढायच्या आत, एवढ्या एकाच कामासाठी वॉटी गेबीची मासे विकायची गाडी शुक्रवारी दुपारी पेझलीतून उत्तरेच्या डोंगरांकडे निघाली. गाडीच्या मागच्या भागात, जिथे एरवी हॅडॉकच्या पेट्या रचलेल्या असत तिथे, नायलॉनचे दोन दोर, लोखंडी खिळे, हातोडी, प्रायमसचा स्टोव्ह आणि पेझलीच्या गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष लॅकलन अर्कहार्ट एवढा ऐवज होता. पुढे वॉटी गाडी हाकत होता आणि शेजारी त्याची मेहुणी, नेटा गिलफिलन, हाताने काचेवरची वाफ पुसत होती.

धुराडं म्हणजे अर्खाच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या कड्याला पडलेली एक काळी, अरुंद, सरळसोट भेग. तळापासून माथ्यापर्यंत गेलेली. माथ्याच्या जरा खाली तिच्या घशात एक अवाढव्य धोंडा अडकून बसला होता. त्या धोंड्याच्या वर अजून कुणीही माणूस गेलेला नव्हता. पेझलीकरांनी दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा धोंड्याखालून परत फिरले होते. दुसऱ्या खेपेला पुढे नेटा होती. तिची बेकरी होती. वर्षानुवर्षं कणीक मळून तिच्या मनगटांत असा जोर आला होता, की मंडळातल्या पुरुषांनी तिच्याशी पंजा लढवणं कधीच सोडून दिलं होतं. तरीही ती परतल्यावर "बाईमाणूस पुढे पाठवलं की हे असंच व्हायचं," असं मंडळातलंच कुणीतरी हळूच म्हणालं होतं. हळूच, पण नेटाला ऐकू जाईल इतपत.

आणि आता एडिनबराच्या एका मंडळालाही धुराड्याचा वास लागला होता.

मंगळवारच्या बैठकीत खूप जणांनी हात वर केले होते. मग रेडिओने पावसाचा इशारा दिला आणि एकेकाला घरची कामं आठवू लागली. उरले हे तिघे.

"मेहुणीबाई, अजून वेळ गेलेली नाही," वॉटी म्हणाला. काचेवरची दांडी कुरकुरत पाणी ढकलत होती आणि काही उपयोग होत नव्हता. "गाडी वळवतो. तुझ्या बहिणीने आज पेस्ट्र्या केल्यात, मटण भरलेल्या. शेकोटीपाशी बसू. कोरडे!"

"तू वळव. मी इथून चालत जाते."

"ही जाईल हो," मागून लॅकलनचा आवाज आला. हा साठी ओलांडलेला शाळामास्तर हट्टाच्या बाबतीत खेचराला मागे टाकणारा होता. "आणि वॉटी, आपल्या मंडळाने पावसामुळे मोहीम कधी रद्द केलेली नाही. या देशात पावसाला घाबरून राहिलो असतो तर आपल्या मंडळाला गिर्यारोहण नाही, पत्ते खेळायचं मंडळ म्हटलं असतं!"

"पत्त्यांना काय वाईट आहे म्हणतो मी!" वॉटी पुटपुटला, पण गाडी त्याने सरळच ठेवली.

रस्ता संपतो तिथे नदी होती, आणि काठाशी कुणाची तरी मोटार उभी होती. पलीकडे, डोंगराच्या अंगाला, मेंढपाळांनी कधीकाळी बांधलेलं दगडी खोपटं होतं. दार उघडंच, कुणीही यावं, राहावं, जाताना सरपण ठेवून जावं. नदीवर लोखंडी तारांना टांगलेला फळ्यांचा पूल होता. पाणी त्याच्या बरंच खाली होतं, चहाच्या रंगाचं, खळखळणारं. तिघे सामान घेऊन पलीकडे गेले. खोपटाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

आत दोघे आधीच बसले होते. एडिनबरा! नेटाने बूट पाहूनच ओळखलं. इतके नवे, इतके तेल लावलेले बूट पेझलीत कुणाकडे नव्हते. उंच, लालसर दाढीचा होता तो निनियन हॉलडेन. त्याचा जोडीदार कीथ तब्येतीने बारीक होता आणि एकसारखा शिंकत होता.

"तुम्हीसुद्धा धुराड्यासाठीच आलात वाटतं," निनियन सभ्यपणे म्हणाला. त्याने उठून शेकोटीजवळची जागाही दिली. "पुढे कोण चढणार? अर्कहार्टसाहेब, तुम्ही?"

"ही चढणार," लॅकलनने नेटाकडे बोट केलं.

निनियनच्या भुवया वर गेल्या. तो हसला नाही, आणि नेटाला तेच जास्त झोंबलं. "या पावसात?" तो म्हणाला. "बाई, राग मानू नका. त्या भेगेत वरच्या सगळ्या पठाराचं पाणी उतरतं. कोरड्यात तुमच्याच्याने झालं नाही, ते ओल्यात कसं होणार?"

"तुम्ही काय करणार आहात?" नेटाने विचारलं.

"आम्ही सकाळी बघू. पाऊस असाच राहिला तर सरळ खाली जाऊ. शहाणा माणूस तेच करील."

"मग शहाणी माणसं खाली जाऊ देत," नेटा म्हणाली, आणि ओले मोजे पिळायला दाराबाहेर गेली.

सकाळी पाऊस थांबला नव्हताच, उलट त्याला जोर चढला होता. ढग खोपटाच्या छपराला टेकले होते. निनियन आणि कीथ पाठीवर सामान घेऊन पुलाकडे निघाले. पेझलीकर ओटचं आंबील गिळून वर निघाले. कुणी कुणाला 'भेटू' म्हणालं नाही.

कड्याच्या तळापर्यंतची वाट म्हणजे वाट नव्हतीच, वाहता ओढा होता. गवत बुटाखाली साबणासारखं सरकत होतं. वारा खालून, खोऱ्यातून वर येत होता आणि पाऊस त्याच्याबरोबर चक्क जमिनीकडून आभाळाकडे पडत होता. वॉटीच्या टोपीच्या कडेवरून पाण्याची धार त्याच्या नाकावर आणि नाकावरून दाढीत जात होती.

"हे बघ," तो धापा टाकत म्हणाला, "मी आयुष्यभर मासे विकले. पण माशाला काय वाटत असेल ते आज कळलं!"

कड्याच्या तळाशी तिघे थांबले आणि मान वर करून बघत राहिले. धुराड्यातून पाणी कोसळत होतं. एकसंध धबधबा नव्हे, पण धोंड्याच्या दोन्ही बाजूंनी दोन पांढऱ्या दोऱ्या सुटल्या होत्या आणि खाली येईपर्यंत त्यांचे हजार तुकडे होऊन सगळी भेग गरजत होती.

लॅकलन म्हणाला, "नेटा, तू 'नको' म्हणालीस तर आम्ही दोघेही पेझलीत तोंड मिटून राहू."

नेटा खाली बसली, बूट काढले आणि लोकरीच्या जाड मोज्यांवर उभी राहिली. ओल्या, शेवाळलेल्या खडकावर खिळ्यांचे बूट घसरतात, लोकर चिकटते. दोर कमरेला बांधला, हातोडी पट्ट्याला अडकवली.

"वॉटी, दोर मोकळा सोड. आणि तोंड बंद ठेव, पाणी जाईल."

ती शिरली!

पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला. पाठ सरकवायची, पाय सरकवायचे. पुन्हा पाठ. पुन्हा पाय. बर्फासारखं पाणी मानेतून आत गेलं, पाठीच्या कण्यावरून उतरलं आणि मोज्यांतून बाहेर पडलं. पहिल्या झटक्याला तिचा श्वासच अडकला. मग तिला भयंकर राग आला. पाण्याचा, धोंड्याचा, त्या वर गेलेल्या भुवयांचा! राग चांगला होता. तो आतून ऊब देत होता. "पाड! पाड अजून!" ती धुराड्यावर ओरडली. "आणखी किती पाडशील?"

अर्ध्यावर एक कपार होती. तिथे तिने वॉटीला वर घेतलं. तो आला तो खोकत, शिव्या देत, पण आला. लॅकलन तळाशीच राहिला, दुसरा दोर घेऊन. वॉटीने स्वतःला कपारीत पाचरीसारखं ठोकून घेतलं आणि नेटा पुढे निघाली.

वर भेग आवळत गेली. आता धोंडा तिच्या डोक्यावर होता, ओला, फुगलेला, म्हशीच्या पोटासारखा. त्याच्याखाली मात्र, दोन धारांच्या मधोमध, एक कोरडीशी जागा होती. इथूनच ती मागे परतली होती. तिने एका फटीत खिळा ठोकला. हातोडीचा आवाज सुरुवातीला ठक्क ठक्क, आणि मग खिळा घट्ट बसू लागला तसा टणटण चढत गेला. दोर त्यात अडकवला. आता बाहेर. पाण्यातून बाहेर, धोंड्याच्या कडेवरून हात वर घालायचा, आंधळेपणाने, आणि काहीतरी सापडायला हवं. मागच्या खेपेला काही सापडलं नव्हतं.

तिने हात वर घातला. पाणी तोंडावर. डोळे मिटलेले. बोटं शेवाळात घुसली. गुळगुळीत, गुळगुळीत, सगळं गुळगुळीत... आणि मग कड! आत वळलेली, धारदार, चार बोटं मावतील अशी खोबण! तिने शेवाळ खरवडून काढलं आणि बोटं रुतवली. पकड अशी घट्ट होती, की तिला मोठ्याने हसू आलं. आता दुसरा हात, एक हिसका, आणि धोंडा पायाखाली!

त्याच क्षणी खालून वाऱ्याबरोबर काहीतरी आलं. बारीक. लांबलेलं.

शिट्टी.

ती थबकली. पुन्हा एक. पुन्हा. ठरावीक अंतराने सहा वेळा, मग शांतता, मग पुन्हा सहा. डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येकाला ही शिट्टी माहीत असते. तिचा अर्थ एकच, आम्ही मरतोय, या.

"वॉटी!" ती ओरडली. "शिट्टी ऐकू येतेय?"

"काय? कसली मिठी?" खालून आवाज आला. पाण्याच्या गर्जनेत त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. लॅकलन तर आणखी खाली होता. इथे, भेगेच्या तोंडाशी, वाऱ्यात बाहेर वाकलेल्या एकट्या नेटालाच ती ऐकू येत होती.

चार बोटं खोबणीत होती. एक हिसका पुरे होता. वर जायला किती वेळ लागला असता? नुसता एक श्वास. आणि पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही असं ती म्हणाली असती, तर या दोघांनी कधी शंकासुद्धा घेतली नसती. पण धोंड्याच्या वर गेलं की उतरायला डोंगराला वळसा घालून यावं लागणार होतं. अर्धा दिवस.

नेटाने दात आवळले. तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो बेकरीत गिऱ्हाइकांसमोर कधी निघाला नसता. मग तिने खोबणीतून बोटं एकेक करून सोडवली.

"मी उतरतेय! खाली कुणीतरी अडकलंय! दोर घे!"

खिळा तसाच ठेवून, दोर दुहेरी करून नेटा आणि वॉटी पाण्यातून घसरत लॅकलनपाशी खाली आले. बुटांच्या नाड्या बांधायलाही कुणी थांबलं नाही. उतार धावत, पडत, पार्श्वभागावर घसरत तिघांनी पार केला आणि ढगाच्या खाली आल्यावर खोरं दिसलं.

नदी ओळखू येत नव्हती! कालची चहाच्या रंगाची नदी आता तपकिरी, फेसाळ आणि रुंद झाली होती. पूल नव्हताच. एका काठाशी तुटलेली तार पाण्यात फटफटत होती. आणि पुलाच्या जरा खालच्या अंगाला, प्रवाहाच्या मधोमध, एका खडकावर दोन माणसं होती. एक उभा, एक त्याच्या पायाशी गोळा होऊन पडलेला. पूल त्यांच्या पायाखालूनच गेला असणार.

"एडिनबराचे शहाणे!" वॉटी म्हणाला, पण त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

निनियनने त्यांना पाहिलं आणि शिट्टी तोंडातून पडली. "कीथला काही समजत नाहीये!" तो ओरडला. "थरथरायचाही थांबलाय! पाणी वाढतंय!"

लॅकलनने काठावरच्या एका मोठ्या खडकाला पाठ लावली, पाय रोवले. दोर त्याच्या पाठीमागून फिरवला. दुसरं टोक नेटाने येताना खोपटातून उचललेल्या चहाच्या किटलीला बांधलं, किटलीत खडे भरले, गरगर फिरवली आणि फेकली. किटली खडकाच्या पलीकडे गेली, दोर निनियनच्या छातीवर पडला. पहिल्याच फेकीत!

"त्याच्या काखेखालून बांधा! आणि ढकला! घाबरू नका, पाणीच त्याला काठाला आणेल!"

निनियनने गाठ मारली, क्षणभर जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला पाण्यात लोटलं. कीथ गडप झाला! दोर ताणला. घड्याळाच्या लंबकासारखा तो प्रवाहातून काठाकडे झुलू लागला, पण डोकं वर दिसेना. वॉटी दुसऱ्या दोराला बांधलेलाच होता. तो तसाच पाण्यात उतरला, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. पाण्याखालच्या एका दगडावर त्याचा गुडघा आपटला आणि तो ओरडला, पण हात पुढेच होता. त्याने कीथची कॉलर पकडली. नेटाने दोघांना ओढून गवतावर घेतलं. कीथच्या तोंडातून पाणी आलं. मग खोकला आला. खोकल्याचा इतका गोड आवाज तिने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"हा माझ्याकडे!" वॉटी म्हणाला. त्याने आपला कोट काढून कीथवर टाकला आणि त्याला मिठीत आवळून बसला. "उठून उभं राहणं मला जमायचं नाही, गुडघा गेला. तो दुसरा लालदाढ्या आणा!"

पण खडकावरून आता पाणी वाहू लागलं होतं. निनियन गुडघाभर पाण्यात वाकून उभा होता. नेटाने दोर फेकला, आखूड पडला. भिजून त्याचं वजन दुप्पट झालं होतं. पुन्हा फेकला, पुन्हा आखूड. किटली मघाच प्रवाहात गेली होती.

नेटाने वॉटीचा दोर स्वतःच्या कमरेला बांधला, त्याचं टोक काठावरच्या भूर्जाच्या बुंध्याला आवळलं आणि उडी मारून काठाजवळच्या एका दगडावर गेली. तिथून पुढच्या दगडावर. तिथे पाणी तिच्या घोट्यांना ओढत होतं, दगड पायाखाली हलत होता. तिने बेकरीतली पिठाची गोणी फेकावी तसा सगळ्या अंगाचा हिसका देऊन दोर फेकला.

निनियनने तो हवेतच पकडला. कमरेला बांधला. आणि उभाच राहिला! त्याची नजर पाण्यावर खिळली होती.

"उडी मारा!" नेटा ओरडली.

तो हलेना.

"अहो, उडी मारा! काल बायकांनी काय करायचं ते सांगत होतात ना? आता ही बाई सांगतेय, उडी मारा!"

त्याने उडी मारली.

झटका लॅकलनच्या हातात बसला. ओला दोर त्याच्या तळव्यांतून सर्रकन धावला, हातमोजे फाटले, कातडी गेली. साठीतल्या त्या मास्तराने आभाळाकडे तोंड करून एक लांब किंकाळी फोडली, पण मुठी उघडल्या नाहीत. दोर थांबला. निनियन काठाला लागला, आणि नेटाने त्याला लाल दाढीला धरून वर ओढलं. दुसरं काही हाताला लागलंच नाही!

संध्याकाळ होता होता पाचही जण खोपटात होते. कीथ सगळ्यांच्या कोरड्या कपड्यांत आणि झोपायच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला, गोड दूध घातलेला चहा चमच्याने पीत होता. किटली नदीने नेली होती म्हणून चहा सूपच्या डब्यात केलेला. वॉटीचा गुडघा पावरोटीएवढा सुजला होता. लॅकलनचे दोन्ही तळवे लोण्यात आणि रुमालांत बांधलेले होते आणि नेटा त्याला केक भरवत होती.

"अध्यक्षमहाराज, तोंड उघडा," वॉटी म्हणाला. "आगगाडी आली, बोगद्यात शिरली!"

"तुझ्या कानाखाली वाजवलं असतं," लॅकलन म्हणाला, "पण हात नाहीत!"

निनियन घसा साफ करून म्हणाला, "गिलफिलनबाई, मी आमच्या मंडळाच्या वतीने शब्द देतो. धुराड्याला आमच्यातला कुणी हात लावणार नाही. तुम्ही चढेपर्यंत आम्ही ते तुमच्यासाठी राखून ठेवू."

नेटाने केकची सुरी खाली ठेवली.

"राखून ठेवणार?" ती म्हणाली. "ते काय चर्चमधलं बाक आहे, वर रुमाल टाकून ठेवायला? माझ्यावर दया नको. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर खुशाल चढा. मला जे हवंय ते मी घेईन, तुम्ही दिलं म्हणून नाही!"

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

रविवारी उजाडलं तेव्हा पावसाचा जोर गेला होता. डोंगरी हवेतली ती बारीक, अंगाला चिकटणारी झिमझिम उरली होती. नदी उतरू लागली होती, पण दुपारच्या आधी पाय घालण्यासारखी होणार नव्हती. तोवर खोपटात बसून राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नेटाने गार, ओले मोजे पायात चढवले. तो स्पर्श इतका किळसवाणा होता की तिने डोळे मिटून घेतले.

"कुठे?" लॅकलनने विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे कुठे."

"नेटा, आज नाही. काल तू पुरेशी थकलीयेस. अध्यक्ष म्हणून सांगतो."

"अध्यक्षपद खाली खोऱ्यात, लॅकलन. वर कड्यावर ते चालत नाही."

"आणि दोर कोण धरणार? माझे हात असे, वॉटीचा पाय तसा!"

नेटा निनियनकडे वळली. "तुम्ही धराल?"

निनियनने तिच्याकडे पाहिलं, मग कीथकडे. कीथ पिशवीतून नाक बाहेर काढून शिंकला आणि म्हणाला, "जा रे. नाहीतर आयुष्यभर तुझं तोंड बघवणार नाही मला."

"धरतो," निनियन म्हणाला.

कपारीपर्यंत ते एकाच दोरावर गेले. पाणी कालच्यापेक्षा कमी होतं, पण कालच्याइतकंच गार. नेटाचे दंड भरून आले होते, बोटांची टोकं सोललेली होती. धोंड्याखाली कालचा खिळा तसाच होता. तिने त्यात दोर अडकवला, हात पाण्यातून वर घातला, खोबण सापडली. हिसका दिला.

आणि पाय निसटला!

आभाळ, खडक, पाणी, सगळं एकदम फिरलं. दोर कमरेत कचकन आवळला. ती खिळ्याखाली लोंबकळत होती, गुडघा फुटला होता, तोंडात पाणी होतं.

"धरलंय!" खालून आवाज आला. शांत, घट्ट. "धरलंय तुम्हाला! हवा तेवढा वेळ घ्या!"

नेटाने भिंतीला पाय लावले. उतरावं का? कुणी काही म्हणणार नव्हतं. आणि नेमकं तेच तिला सहन होईना. ती पुन्हा वर सरकली. पाठ, पाय. पाठ, पाय. या वेळी तिने घाई केली नाही. मोजा खडकावर दाबून, घासून बसवला. चार बोटं खोबणीत. श्वास. दुसरा हात धोंड्याच्या पाठीवर. पाणी छातीवर आदळलं. ती ओरडली, आणि ओरडतच वर आली! एक गुडघा, मग दुसरा, मग पोटावर सरपटत ती धोंड्याच्या वर जाऊन पडली. पुढे सोपा, कललेला खडक, आणि त्याच्या पलीकडे माथा.

माथ्यावर काहीही दिसत नव्हतं. खोरं नाही, नदी नाही, शेजारचा डोंगरही नाही. चहूबाजूंना करडा ढग, आणि त्यात एकटी नेटा गिलफिलन, गुडघ्यातून रक्त, नाकातून पाणी. तिने एका खडकाला दोर आवळला, पाय रोवून बसली आणि भेगेत तोंड घालून ओरडली, "या वर!"

निनियनला बराच वेळ लागला. धोंड्याखालून त्याचा आवाज आला, "दोर जरा ताणून धरता का?" तिने धरला. मग पुन्हा, "आणखी जरा!" तिने आणखी ओढला आणि गालातल्या गालात हसली. अखेर लाल दाढी धोंड्यावरून वर आली, पाणी गाळत.

तो तिच्याशेजारी येऊन बसला. काही वेळाने म्हणाला, "तो खिळा कालचा."

"हो."

"तिथून खोबण हाताच्या अंतरावर आहे. आणि आज तुम्ही शेवाळ खरवडायला थांबलाच नाहीत, ते आधीच निघालेलं होतं." त्याने तिच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "काल तुमचा हात तिथे पोचला होता. आमची शिट्टी वाजली तेव्हा."

नेटाने दोराची वेटोळी करणं चालू ठेवलं. "पोचला होता."

"तुम्ही काल सांगितलं नाहीत."

"सांगून काय तुम्ही लवकर कोरडे झाला असता?"

निनियनने तिच्याकडे वळून हात पुढे केला. तिने तो धरला, आणि मनगटात एवढा जोर लावला की तो कळवळला.

नेटा आणि निनियन डोंगराला वळसा घालून परतल्यावर, दुपार कलताना, चौघे एकमेकांच्या दंडांत दंड अडकवून नदीत उतरले. प्रवाहाच्या वरच्या बाजूला काठी घेऊन नेटा, मध्ये लंगडणारा वॉटी आणि हात बांधलेला लॅकलन, खालच्या टोकाला पाठीवर कीथला घेतलेला निनियन. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मधोमध सगळी रांग एकदा खालच्या अंगाला वाकली. "पाय टाका!" नेटा ओरडली. "एकदम! टाका!" चौघांनी एकदम पाऊल टाकलं. पुन्हा टाकलं. आणि पलीकडची वाळू लागली.

वॉटीचा गुडघा वाकत नव्हता म्हणून गाडी नेटाने घेतली. मागे माशांच्या वासात अध्यक्ष, वॉटी आणि कीथ एकमेकांना चिकटून बसले. खोऱ्याच्या तोंडाशी डॉक्टर होता, आधी तिथे जायचं होतं. निनियन आपल्या गाडीतून मागून येत होता. रस्त्याला लागतात न लागतात तोच डोंगरावरून पुन्हा सर आली, तिरकी, जोरकस, आणि उघड्या खिडकीतून थेट नेटाच्या गालावर आपटली.

"अगं, काच वर कर!" मागून वॉटी ओरडला. "भिजशील!"

"आता भिजायचं काय उरलंय?" नेटा म्हणाली, आणि कोपर खिडकीबाहेर टाकून तिने गाडीचा वेग वाढवला.